पाचवी ते आठवीच्या पोट्ट्यांना कंप्युटरचे शब्द कसे शिकवता?

बर्डीचे मास्तर

नमस्कार मंडळी. नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. "सरांना त्यातलं कळतं" अशी हवा झाल्यामुळे कंप्युटर लॅबही माझ्याच गळ्यात आहे. लॅब म्हणजे एक लांबट खोली, जुन्या मशिनी, एकेका मशिनीवर तिघं-चौघं आणि दारात कूलर.

पोट्ट्यांना व्याख्या तोंडपाठ आहेत. इनपुट साधनं सांग म्हटलं की कीबोर्ड, माऊस, स्कॅनर, मायक्रोफोन, एका दमात. पण "काल टाइप केलेलं कुठे सेव्ह केलंस?" विचारलं की उत्तर येतं, "सर, कंप्युटरमध्ये." कंप्युटरमध्ये कुठे? "वर्डमध्ये." मॉनिटर म्हणजे कंप्युटर, खालचा डबा म्हणजे सीपीयू, आणि गूगल, क्रोम, नेट, वायफाय हे चारही एकच. मेमरी तर काहीही असू शकते: रॅम, हार्ड डिस्क, मोबाइलमधलं कार्ड.

स्टाफरूममध्ये फार वेगळं नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की "सर, एवढ्या फोटोची साइझ कमी करून द्या ना" म्हणून रांग लागते. कमी म्हणजे काय करू असं विचारलं तर स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो बारीक करून दाखवतात.

लॅबच्या भिंतीसाठी एक तक्ता करायचा आहे. कोणते शब्द घ्यावेत, कुठून सुरुवात करावी? 'संगणक' की 'कंप्युटर' हा वाद मात्र इथे नको, हात जोडतो. पुस्तकातला शब्द आणि दुकानात चालणारा शब्द, दोन्ही मुलांना यायला हवेत.

डब्याचा डॉक्टर

मास्तर, डब्याला सीपीयू म्हणायचं आम्हीच शिकवलं लोकांना. माझं दुरुस्तीचं काम आहे. फोनवर गिऱ्हाईक म्हणतं, "सीपीयू चालू होत नाही", आणि आम्हीही म्हणतो, "सीपीयू घेऊन या, मॉनिटर नका आणू." धंद्यात चालून जातं, वर्गात नको.

तक्ता नंतर करा. आधी एक मेलेला डबा मिळवा आणि टेबलावर उघडा. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या सर्किटच्या पाटीवर, पंखा दिसेल, पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, तो काढला की त्याला चिकटलेली सुकलेली राखाडी पेस्ट, आणि पेस्टखाली बिस्किटापेक्षा लहान चौकोनी चकती. तो सीपीयू, सगळी आकडेमोड करणारी चिप. एवढासा बघून पोरं "बस, एवढाच?" म्हणतात. मग पंखा कशाला, तर ही चकती तापते म्हणून. नागपूरच्या पोराला तापणं समजवायला वेगळे कष्ट नाहीत.

शेजारी पट्टीसारखी उभी असते ती रॅम. दोन्ही टोकांच्या खटक्या दाबल्या की निघते, खालच्या कडेला सोनेरी दात असतात. चालू मशीन अचानक डिस्प्ले देईनाशी झाली तर आम्ही पुष्कळदा एवढंच करतो: वायर काढायची, रॅम काढायची, दातांवरून खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. रॅम नसताना मशीन चालू केली तर काही बीप-बीप करतात, काही काळा पडदा दाखवून बसून राहतात. हे एकदा पाहिलं की रॅमचा फुल फॉर्म पाठ असो-नसो, ती कशाला लागते ते डोक्यात बसतं.

एक काळजी घ्या. मशीनला वीज देणारी पंख्यावाली पत्र्याची बंद पेटी असते तिला एसएमपीएस म्हणतात, ती उघडायची नाही. वायर काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आणि तुमचा तो कूलर मशिनीच्या तोंडावरून हलवा. ओली हवा आणि धूळ एकत्र आली की मदरबोर्डवर चिखल होतो, आम्ही उन्हाळाभर तेच पुसत असतो.

उमरेडच्या मॅडम

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. माझ्याकडे उघडायला मेलेला डबा नाही, दोनच चालू मशिनी आहेत. त्यामुळे मी शब्दांपासून सुरुवातच करत नाही. एकच प्रश्न धरून ठेवते: "आत्ता ते कुठे आहे?"

नोटपॅड उघडायचं. एका मुलीने दोन ओळी लिहायच्या. आत्ता हे कुठे आहे? सगळे म्हणतात, स्क्रीनवर. मी मॉनिटरची वायर काढून परत लावते. ओळी तशाच. म्हणजे स्क्रीनवर नव्हत्या, स्क्रीन फक्त दाखवत होती. मग लाइन जाऊ द्यायची. आमच्याकडे त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, ती आपणहून जाते. परत चालू केल्यावर ओळी नाहीत. म्हणजे जिथे होत्या ती जागा लाइट गेली की रिकामी होते. आता तिला नाव द्यायचं: रॅम. पुन्हा त्याच ओळी लिहायच्या, या वेळी कंट्रोल आणि एस. परत बंद-चालू. आहेत! कुठे? डिस्कवर. डिस्कवर कुठे? फोल्डरचं नाव सांग. इथे सेव्ह, ड्राइव्ह, फोल्डर, फाईल हे चारही शब्द मुलांना *लागतात* म्हणून येतात.

मग पुढे वाढवत न्यायचं. फाईल पेनड्राइव्हमध्ये कॉपी केली, आता ती किती ठिकाणी आहे? दोन. कट करून पेस्ट केली असती तर? एक. स्वतःलाच मेल केली, मेलमधून परत डाऊनलोड केली, आता किती? इथे वर्गात भांडणं होतात आणि होऊ द्यावीत. अपलोड म्हणजे आपल्याकडून तिकडे, डाऊनलोड म्हणजे तिकडून आपल्याकडे, आणि दोन्हीत मूळ प्रत जागेवरच राहते. ही शेवटची गोष्ट मोठ्यांनाही माहीत नसते. आमच्या एका सहकाऱ्यांनी "अपलोड केली ना, मग इथली गेली असेल" म्हणून फाईल नव्याने टाइप केली होती.

सगळ्यात जास्त मजा डिलीटला येते. डेस्कटॉपवरची फाईल डिलीट केली, कुठे गेली? रिसायकल बिनमध्ये, परत आणता येते. पेनड्राइव्हमधली डिलीट केली, बिनमध्ये शोधा. नाही सापडत. विंडोजमध्ये पेनड्राइव्हचं डिलीट केलेलं बिनमध्ये जातच नाही. हे मुलांनी स्वतः शोधून पाहिलं की पुढे कोणी पेनड्राइव्हवर डिलीट दाबताना हात आवरतो.

कॉटन मार्केट

मॅडम, लय भारी. पण मॉनिटरची वायर काढल्यावर आमच्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, तास संपला म्हणून 😄

अमरावतीकर

> आत्ता ते कुठे आहे?

प्रश्न आवडला. एक सूचना. विंडोज ११ चं नवं नोटपॅड न सेव्ह केलेला मजकूरसुद्धा स्वतः जपून ठेवतं. खिडकी बंद करून उघडली की मजकूर हजर. तुमचा प्रयोग तिथे फसायची शक्यता आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, किंवा पेंट वापरा. चित्र काढायचं, सेव्ह न करता मशीन बंद, चित्र गायब.

रॅमसाठी मी ओटा आणि फडताळ सांगतो. रांधताना सगळं ओट्यावर, झाकपाक झाली की फडताळात. ओटा लहान असला की एका वेळी दोनच भांडी, म्हणजेच रॅम कमी असली की मशीन रखडते.

उमरेडच्या मॅडम

@अमरावतीकर, ओट्याचं उदाहरण मीही द्यायचे. मग पेपरात "रॅम म्हणजे काय?" याला "रॅम म्हणजे ओटा" असं उत्तर आलं. बंद केलं.

सातबारा

हे सगळं ठीक आहे, पण परीक्षेत "व्याख्या लिहा, दोन गुण" असंच येतं ना सर? पालक वही बघतात. वहीत काही लिहिलेलं नसलं की म्हणतात शाळेत काही शिकवूनच राहिले नाही. माझा मुलगा सातवीत आहे, म्हणून विचारतो. राग मानू नका.

बर्डीचे मास्तर

@सातबारा भाऊ, राग कसला. व्याख्या लिहून देतोच. पण शेवटी. जो मुलगा दोनदा मजकूर गमावून बसलाय त्याला "रॅम ही तात्पुरती स्मृती असते" हे वाक्य पाठ करावं लागत नाही. उलट क्रमाने गेलो की वाक्य राहतं आणि फाईल जाते.

टंकलेखन ३०-४०

कार्यालयात आयुष्य गेलं, आता मुलांना टायपिंग शिकवतो. तुमच्या तक्त्यात 'फॉन्ट' हा शब्द नीट लिहा, त्यावरून सर्वात जास्त घोळ होतो.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या कळीवर कोणतं अक्षर, हा कीबोर्ड लेआउट. ते अक्षर मशीनच्या पोटात कोणत्या क्रमांकाने साठवायचं, हे युनिकोड. आणि पडद्यावर ते जाड दिसेल की गोल दिसेल, हा फॉन्ट. पूर्वी हे तिन्ही एकातच कोंबलेले असायचे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोटीस दुसऱ्या मशीनवर उघडली की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, त्याचं कारण ती मुळात रोमन अक्षरंच असतात, फॉन्टने त्यांना देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. फॉन्ट नसला की रूप उतरलं. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका आजही अशाच पडलेल्या असतात, आणि लोक म्हणतात "व्हायरस लागला". व्हायरस वगैरे काही नसतो.

मुलांना थेट इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड लेआउट शिकवा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'नागपूर' टाइप करायचं तर व्ही, ई, आय, एच, टी, जे. सहा कळा, सहा चिन्हं: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. उच्चाराच्या क्रमानेच जायचं. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी, जरी कागदावर वेलांटी आधी दिसत असली तरी. जोडाक्षराला पाय मोडायची कळ डी. आणि 'दुसऱ्या'मधला र अडला की शिफ्ट आणि जे, मग डी, मग य. ही एक युक्ती माहीत नसल्यामुळे किती मंडळी 'दुसर्‍या' ऐवजी 'दुसर्या' लिहून मोकळी होतात.

मोबाइलवर रोमनमधून मराठी उमटवणारे कीबोर्ड सोपे आहेत, मान्य. पण तिथे मुलं 'शिक्षण' हा शब्द रोमनमध्ये आठवून मराठीत मिळवतात. मला तरी ते खटकतं.

संत्रा बर्फी

मी शाळेत लिपिक आहे, त्यामुळे केबी-एमबीचं दुखणं माझं. मास्तरांनी फोटोचं लिहिलंय ते अगदी रोजचं.

'साइझ' या एका शब्दात दोन मापं लपलेली असतात. एक, फोटोची लांबी-रुंदी, ती पिक्सेलमध्ये. दुसरं, फाईल किती जागा खाते, ते केबी म्हणजे किलोबाइटमध्ये. पोर्टल म्हणतं "५० केबीच्या आत", म्हणजे दुसरं माप. स्क्रीनवर बारीक करून काही होत नाही, फक्त लांबून बघितल्यासारखं दिसतं. खरंच कमी करायचा तर पिक्सेल कमी करून किंवा दर्जा उतरवून पुन्हा सेव्ह करावा लागतो. आणि नावातलं जेपीजी खोडून पीडीएफ लिहिलं म्हणजे पीडीएफ झाली असं नसतं. नाव बदललं, आतला माल तोच. असे अर्ज परत येतात आणि बोलणी आम्ही खातो.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आपोआप बारीक होतो. प्रमाणपत्र स्पष्ट हवं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. पालकांना एवढं एक वाक्य जरी माहीत असलं तरी माझा निम्मा जून वाचेल.

मुलांना केबी कसं दाखवायचं? वरच्या टंकलेखनवाल्या काकांनी 'नागपूर' दिलंच आहे, तेच घ्या. नोटपॅडमध्ये फक्त 'नागपूर' लिहून यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) मध्ये सेव्ह करा, फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. १८ बाइट दिसतील. सहा चिन्हं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. रोमनमध्ये लिहिलं तर सहाच. जुन्या विंडोजवर १८ ऐवजी २१ दिसले तर घाबरू नका, ते फाईलच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण लावतं. एन्टर दाबलं असेल तर आणखी वाढतील. मग एक बाइट म्हणजे आठ बिट, बिट म्हणजे ० किंवा १, हे सांगायला आधार मिळतो. सहावीच्या मुलांना १८ गुणिले ८ करायला लावा, गणिताचाही तास भरतो.

सातबारा

हे पाहून राह्यलो आत्ता. खरंच १८ आले! मग एक सांगा, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला तर त्यात ५९ दाखवते. दुकानदाराने गंडवलं का?

डब्याचा डॉक्टर

नाही बाप्पा, या वेळी नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरते आणि नाव मात्र जीबीच लिहिते. ६४ ला तसा भाग दिला की ५९.६ येतात. १०२४ वाल्या मापाला 'गिबीबाइट' असं वेगळं नाव १९९८ पासून आहे, पण आमच्या लाइनीत कोणी ते बोलताना ऐकलं नाही.

गंडवणारे असतात ते वेगळे. २ टीबी लिहिलेला अगदी स्वस्त पेनड्राइव्ह मिळाला की समजायचं. तो मशीनला खोटी जागा दाखवतो, आत असते थोडीशीच, पुढचं लिहिलेलं सगळं हवेत.

नेटच्या वेगातही हाच गोंधळ आहे. जाहिरातीतलं १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगा*बिट*. आठाने भागा, साडेबारा मेगाबाइट. लोक म्हणतात, १०० एमबीची फाईल एका सेकंदात का येत नाही.

निवृत्त लाइनमन

टेलिफोन खात्यात होतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा कंप्युटर फोनला जोडणारा मोडेम टेलिफोनच्या तारेवर किरकिर करायचा आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. त्या वेळी नेट आणि तार यांत गल्लत व्हायची, आता नेट आणि वायफाय यांत होते.

नातीला असं दाखवलं. राउटरला बाहेरून येणारी वायर काढून घेतली. मोबाइलवर वायफायच्या रेघा पूर्ण, पान मात्र उघडत नाही. वायफाय आहे, इंटरनेट नाही. वायर लावली, मग राउटरपासून दोन खोल्या लांब गेलो. आता इंटरनेट घरात आहे पण वायफाय आमच्यापर्यंत पोचत नाही. वायफाय म्हणजे राउटर ते मोबाइल एवढाच बिनतारी टप्पा. पुढे बहुतेक तारच आहे, समुद्राखालून जाणारीसुद्धा.

क्रोम आणि गूगलचं सोपं आहे. क्रोम हा पानं उघडायचा प्रोग्रॅम, म्हणजे ब्राउझर; गूगल हे शोधायचं संकेतस्थळ. शाळेच्या मशीनवर फायरफॉक्स आणि एज हे दुसरे ब्राउझर उघडून त्यातही गूगलचं पान आणा. मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत एखाद्या सरकारी संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता स्वतः टाइप करून थेट जा, गूगल न करता. मुलांना, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांनाही, असं जाता येतं हेच माहीत नसतं. सगळे आधी शोधतात आणि वरचा पहिला दुवा दाबतात. तो कधीकधी जाहिरातीचा असतो, आणि पैसे मागणारी खोटी पानं तिथूनच लागतात. पत्त्याजवळचं कुलूपाचं चिन्ह दिसलं की लोक निर्धास्त होतात. त्या कुलपाचा अर्थ मधल्या वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढाच आहे. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे असा नाही.

आईची शाळा

सुरक्षिततेचे शब्द पाचवीपासूनच घ्या प्लीज. घरोघरी आईबाबांचा मोबाइल मुलांच्या हातात असतो. पासवर्ड आपण ठरवतो आणि तोच राहतो, ओटीपी समोरून येतो आणि एकदाच चालतो, यूपीआय पिन हा पैसे *देताना* किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो. पैसे *मिळवण्यासाठी* पिन टाका असं कोणी म्हणालं की तिथेच फोन ठेवायचा. आमच्या ओळखीत नववीतल्या मुलीने हे आजोबांना वेळेवर सांगितलं म्हणून वाचले. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. हा नंबर तक्त्यावर मोठ्या अक्षरात हवा.

बर्डीचे मास्तर

मंडळी, तक्त्याची कल्पना आता बदलतो. शब्द आणि अर्थ असे दोन रकाने करणार होतो. त्याऐवजी मधोमध मॅडमचा प्रश्न आणि भोवती जागा काढतो: रॅम, डिस्क, पेनड्राइव्ह, रिसायकल बिन, दूरचा सर्व्हर (अपलोड केलेलं जिथे जातं तो कंप्युटर). बाणांवर सेव्ह, कॉपी, कट, डिलीट, अपलोड, डाऊनलोड. इनपुट-आउटपुटची यादी पुस्तकात आहे, ती भिंतीवर नको. केबीचा आणि १९३० चा तक्ता स्टाफरूममध्ये वेगळा लावतो, तिथेच जास्त गरज आहे.

एक राहिलं. 'हँग' झाल्यावर पोट्टे सरळ बटण दाबून धरतात. शटडाऊन, रीस्टार्ट, स्लीप यांत फरक काय सांगू?

डब्याचा डॉक्टर

बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, टास्क मॅनेजर उघडतो, अडकलेला प्रोग्रॅम तेवढा बंद करा. स्लीपमध्ये रॅमला वीज चालू असते म्हणून काम होतं तिथे सापडतं, पण लाइन गेली की बॅटरी नसलेल्या मशीनवर तेही जाऊ शकतं. मॅडमच्या प्रयोगाला हेही जोडा. आणि एक गंमत: विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असला की शटडाऊन करूनही मशीन पुरती धुवून निघत नाही, आतला काही भाग डिस्कवर लिहून ठेवते आणि तोच परत उचलते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने. म्हणून आम्ही फोनवर "बंद करून चालू करा" नाही, "रीस्टार्ट करा" म्हणतो.

डबा मी देतो तुम्हाला, एक पडून आहे. फुकट. एसएमपीएस काढून ठेवीन.

बर्डीचे मास्तर

उपकार झाले. शनिवारी सकाळची शाळा असते, अकरानंतर लॅबमध्येच असेन. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

संत्रा बर्फी

मास्तर, स्टाफरूमच्या तक्त्यात "जेपीजीचं नाव बदलून पीडीएफ होत नाही" हे लाल रंगात लिहा. आजच तीन आल्या.